ओर्या या शब्दावरचं आपलं भांडण

इक्बाल,

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसानं मला विचारलं, "तू याचा कोण?" तुला नुकतंच आत नेलं होतं. तुझे सेफ्टी शूज माझ्या हातात होते. अँब्युलन्समध्ये कुणीतरी ते काढून माझ्याकडे दिले आणि मी ते धरून बसलो होतो. मी म्हणालो, "रफीक." त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात मॅनेजरचं ओळखपत्र. "तसं नाही," तो म्हणाला, "कंपनीचा साहेब आहेस की भाऊ?" मी पुन्हा म्हणालो, "रफीक. मित्र." त्यानं खांदे उडवले आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. इथे आखातात आल्यापासून मी अरबी बोलायला शिकलो, वाचायला कधीच नाही. गरजच पडली नाही. वाचायला तू होतास.

अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तुला सुलैबिखातच्या कब्रस्तानात ठेवलं. तुझा अझर फोनवर रडत म्हणत होता, अब्बांना गावी आणा. जैनबभाभींनीच त्याला समजावलं. "ते म्हणायचे, जिथे पडेन तिथे ठेवा, माझ्यासाठी कुणाची धावपळ नको." मग स्टोअरमधल्या सलीमनं मोबाइल उंच धरला आणि रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या त्या घरातून सगळ्यांनी तुला पाहिलं. वारा इतका होता की त्यांना आवाज काही गेला नसेल. नमाज झाली तेव्हा मी बाजूला उभा होतो. नंतर मौलवींनी मलाच हाक मारली, ये, तूही माती दे. तीन मुठी. माती कोरडी होती, मुठीत राहीचना. तिसरी मूठ अर्धीच पडली. एवढंही नीट जमलं नाही बघ मला.

आज चौथा दिवस.

आपण पहिल्यांदा भेटलो ते स्टोअरच्या खिडकीत. सुलैबियाच्या त्या व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी नवा इंजिनिअर, तू आधीपासूनचा स्टोअरकीपर. मी सामानाची चिठ्ठी पुढे केली आणि हिंदीत विचारलं, इतना टाइम क्या कर रहे हो? आणि वर स्वतःशीच पुटपुटलो, "काय करून राहिला हा आत!" आतून तुझा आवाज आला, "राहिला नाही, शोधतोय. साहेब नाशिकचे का? पण आई खानदेशातली असणार." मी थक्क. माझी आई जळगावची. मग तू बाहेर आलास, गास्केटचा डबा माझ्या हातात ठेवलास आणि म्हणालास, "माणूस पासपोर्ट लपवील, 'करून राहिला' लपवणार नाही."

हे तुझं वेडच होतं. घरी फोनवर तुझी कोकणी, माझ्याशी शाळेतलं मराठी, फोरमनशी अरबी, बाकी सगळ्यांशी हिंदी. आणि जो येईल त्याला एकच प्रश्न: तुमच्याकडे याला काय म्हणतात? नेपाळ्याला, बंगाल्याला, मिसरी ड्रायव्हरला, फिलिपिनो वेल्डरला. मिळालेला शब्द तू मार्करनं खोक्याच्या झाकणावर लिहायचास. स्टोअरच्या मागच्या भिंतीला अशी झाकणं टेकवून ठेवलेली असायची. सुरक्षा तपासणीच्या आधी ती फेकावी लागायची, आणि तुझं तोंड दिवसभर पडलेलं असायचं.

अब्बासियात आपण एकाच बिल्डिंगमध्ये राहायला आलो तो योगायोग नव्हता. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय हे तूच मला सांगितलंस. तू दुसऱ्या मजल्यावर, पाच जणांबरोबर. माझी बायको, माधुरी, पोरगी पोटात असताना इथे आली, ना आई जवळ ना सासू. शुक्रवारी तू मासळी घेऊन वर यायचास. ती नाक दाबून म्हणायची, "इक्बालभाई, हा झुबैदी म्हणजे नक्की कुठला मासा?" "पापलेट म्हण, झुबैदी म्हण, त्याला काही कळत नाही," तू म्हणायचास, "आधी साफ कर." बाल्कनीत पेपर पसरून तू स्वतःच साफ करायचास. माधुरीच्या हातचं तिरफळाचं कालवण आज सगळे वाखाणतात, पण ते तुझ्या घरचं. जैनबभाभींनी फोनवर सांगितलेलं, तू उभं राहून भाषांतर केलेलं.

आर्या झाली तेव्हा नाव कानात सांगायला आत्या नव्हती. तूच म्हणालास, "मामा चालत असेल तर मी आहे." आणि तूच सांगितलंस. म्हणजे त्या नावावर माझ्याइतकाच तुझा हक्क होता. हे मला त्या दिवशी आठवायला हवं होतं.

आता त्या भांडणाचं बोलतो. तू असताना बोललो नाही.

युहानी आला तेव्हा आर्या बारावं वर्ष पूर्ण करत होती. फिनलंडचा इंजिनिअर, नव्या प्रकारचे व्हॉल्व्ह उघडून जोडायचं शिकवायला आठ महिन्यांसाठी आलेला. उंच, गोरा, आणि इतका अबोल की पहिले दोन आठवडे लोकांना वाटलं साहेब रागावलेत. तू त्याला वेलदोड्याचा चहा पाजलास आणि विचारलंस, शंभरला तुमच्याकडे काय म्हणतात? तो म्हणाला, "सता." मी बाजूलाच होतो. शाळेतलं संस्कृत एकदम घशातून वर आलं. "शत! अरे, शत!" तू टेबलावर थाप मारलीस. मग तू हातोडी उचललीस. "आणि हे?" तो म्हणाला, "वसरा." आता तू माझ्याकडे बघत होतास, मी हातोडीकडे. युहानीच हळूच म्हणाला, हा शब्द तुमच्याच बाजूचा आहे असं आम्हाला शाळेत सांगायचे. इंद्राचं ते हत्यार असतं ना, त्याचा नातेवाईक. "वज्र!" मी ओरडलो. पलीकडच्या बेंचवरचे फिटर काम थांबवून बघायला लागले, साहेबाला काय झालं म्हणून.

त्यानं सांगितलं ते मला अजून आठवतं. फार जुन्या काळी, त्याच्या पूर्वजांच्या दक्षिणेला, गवताळ मैदानांत, घोडेवाली माणसं राहायची. त्यांची भाषा आपल्या भाषांची जुनी बहीण. मध, शंभर, हातोडा, असे कितीतरी शब्द तिकडून उत्तरेला गेले आणि तिथल्या थंडीत टिकले. "म्हणजे आमचे शब्द तुमच्या फ्रीजमध्ये," तू म्हणालास. युहानी मोठ्यानं हसला. त्याला हसताना आपण पहिल्यांदाच पाहिलं.

ते आठवडे किती चांगले होते रे! चहाच्या सुट्टीत आपण तिघं स्टोअरच्या मागे उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसायचो. बाहेर धूळ, आत एसीचं घरघरणं, आणि तुझा मार्कर.

तिसरा शब्द तुला मिळाला तेव्हा मी नव्हतो, ते मला नंतर कळलं. मला वर्कशॉपचं इन्चार्ज केलं होतं आणि मी मीटिंगमध्ये असायला लागलो होतो. एका शुक्रवारी, सुट्टी असून तुम्हाला कामावर बोलावलं, तेव्हा तू वैतागून युहानीला विचारलंस, गुलामाला तुमच्याकडे काय म्हणतात? त्यानं झाकणावर चार रोमन अक्षरं लिहिली. तू वाचलंस, ओर्जा. तो म्हणाला, नाही, आमच्या जेचा उच्चार 'य' होतो. ओर्या. आणि मग त्यानं ते कुठून आलं तेही सांगितलं.

त्याच आठवड्यात मालकांचे पाहुणे वर्कशॉप बघायला आले. मी पुढे चालत होतो, नवी टोपी, नवं पद. वाटेत एक ट्रॉली आडवी उभी होती आणि कव्हरऑल घातलेला एक माणूस पाठमोरा त्यावर वाकला होता. मी ओरडलो, "ए रफीक! हटाव इसको!"

तू वळलास.

अरबीत रफीक म्हणजे मित्र, सोबती. पण इथल्या रस्त्यावर, दुकानात, साइटवर तो शब्द कुणासाठी वापरतात ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. ज्याचं नाव विचारायची कुणाला गरज वाटत नाही, तो रफीक. तू माझ्याकडे क्षणभर पाहिलंस, "यस सर" म्हणालास आणि ट्रॉली बाजूला केलीस. मी पाहुण्यांना पुढे घेऊन गेलो. नंतर आपण कधी बोललो नाही त्यावर. मी स्वतःची समजूत काढली की पाठमोरा होता, ओळखलं नाही, ओळखलं असतं तर नावानंच हाक मारली असती. त्यात दुसऱ्या कुणाला तसं म्हटलं तर चालतं हे आलंच, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

आणि चार दिवसांनी आर्याचा वाढदिवस. घर भरलेलं. सालमियाहून, फहाहीलहून माझे नवे ओळखीचे आलेले, तेल कंपन्यांतले पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, त्यांच्या बायका. मी त्यांच्यासमोर जरा ताठ बसलो होतो. त्यांच्यातले एक गृहस्थ केक खाता खाता म्हणाले, "नाव छान ठेवलंत हो. आर्या, म्हणजे श्रेष्ठ, कुलीन."

तू कोपऱ्यात कागदी प्लेट घेऊन उभा होतास. तुझे डोळे चमकले. मला आजही दिसतात. तू पुढे आलास, रिकाम्या प्लेटच्या पाठीवर खिशातल्या पेननं लिहिलंस: ओर्या. "फिनलंडमध्ये याचा अर्थ काय माहितीये? गुलाम." आणि मग 'ओ'च्या डोक्यावरची मात्रा बोटानं झाकलीस. खाली राहिलं, आर्या. "एकच शब्द आहे! ती घोडेवाली माणसं स्वतःला आर्य म्हणवायची. त्यांच्यातली काही कैद होऊन उत्तरेला गेली असतील, गुलाम म्हणून. तिथल्या लोकांना वाटलं, या गुलामांनाच आर्य म्हणतात. इकडे श्रेष्ठ, तिकडे गुलाम. शब्द तोच!"

एक बाई कसनुसं हसल्या. आर्या मात्र प्लेट ओढून घेत म्हणाली, "वॉव मामा, दॅट्स सो कूल!" तिला पाहून तुला आणखी चेव आला. तू पाहुण्यांकडे वळलास. "म्हणजे बघा, आपल्या इथे रफीकचं जसं..."

एवढंच. तेवढ्यात मी म्हणालो, "इक्बाल, आपली पायरी ओळखून बोल."

मोठ्यानं म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं.

तुझं वाक्य अर्धंच राहिलं. तू प्लेट टेबलावर ठेवलीस, "चुकलं साहेब" म्हणालास, आर्याच्या डोक्यावर हात ठेवलास आणि गेलास. पाहुणे गेल्यावर आर्यानं विचारलं, "बाबा, व्हाय वर यू सो रूड टू मामा?" मी म्हणालो, तुला कळायचं नाही. माधुरीनं ती प्लेट फेकली नाही, आर्याच्या वह्यांत ठेवली. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मला खात्री होती की तू ट्रॉलीचा सूड घेत होतास. पुढचं वाक्य ट्रॉलीचंच होतं, सगळ्यांसमोर तू ते सांगणार होतास. अशी माझी खात्री. मग कधी कधी, गाडी चालवताना, वाटायचं, छे, तो नुसता खूश होता. त्याला एक सुंदर गोष्ट सापडली होती आणि ती त्याला भाचीच्या वाढदिवशी द्यायची होती. कुठलं खरं? विचारायला हवं होतं. एक प्रश्न होता फक्त.

आठ महिने तू वर आला नाहीस. कामावर भेटायचो. "साहेब, सही." "साहेब, चिठ्ठी." तू माझ्याशी अगदी नीट वागायचास, आणि तेच सहन व्हायचं नाही. युहानी परत गेला. जाताना त्यानं मला विचारलं, तुम्ही दोघं चहाला एकत्र का नसता? मी म्हणालो, काम वाढलंय.

शेवटी माधुरीच उठली. भाऊबीजेच्या दिवशी ताट तयार करून तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, चप्पल घालून दुसऱ्या मजल्यावर गेली. पाच बाप्यांच्या त्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "इक्बालभाई, दिवा विझायला लागलाय. येताय की मी तेल संपेपर्यंत इथेच उभी राहू?" पाच मिनिटांनी बेल वाजली. दार मी उघडलं. तू पांढरा सदरा घालून समोर उभा. माझ्या चेहऱ्याकडे एक हात अंतरावरून बघत तू विचारलंस, "विलासराव आहेत का घरात?"

मी म्हणालो, "आहेत. या."

'विलासराव' म्हणालास. साहेब नाही. मला रडूच येणार होतं, म्हणून मी आत पाणी आणायला गेलो.

त्यानंतर सगळं पहिल्यासारखं झालं, असं लोक म्हणतील. शुक्रवार परत आले, मासळी परत आली. आर्यानं दहावीला मराठी सोडायचं ठरवलं तेव्हा तूच तिला दम दिलास, तोही इंग्रजीत, म्हणजे तिला नीट कळावा म्हणून. ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा विमानतळावर माझ्याआधी तू रडलास. पण तो शब्द आपण दोघांनी पुन्हा उच्चारला नाही. नवे शब्द तू आणत राहिलास, झाकणं भिंतीला लागत राहिली, फक्त फिनलंडचं कुणी नाव काढलं की आपण दोघंही चहात बघायचो.

त्या दिवशी सकाळीही तू अगदी बरा होतास. दोन महिन्यांनी कायमचा गावी जाणार होतास. खिडकीत मला म्हणालास, "विलासराव, निवृत्त शब्द काही बरा नाही. कुणीतरी चूल विझवल्यासारखा वाटतो. दुसरा शोध." मी म्हणालो, दुपारी सांगतो. दहाच्या सुमाराला सलीम धावत आला, तू स्टोअरमध्ये कोसळला होतास.

काल संध्याकाळी मी जैनबभाभींना फोन केला. आधी कागदपत्रांचं बोललो, तुझ्या सामानाचं बोललो. मग राहवेना. म्हणालो, "भाभी, एक कबूल करायचंय. आठ वर्षांपूर्वी मी इक्बालला सगळ्यांसमोर वाईट बोललो होतो. पायरी ओळखून बोल म्हणालो होतो."

त्या म्हणाल्या, "पोरीच्या वाढदिवसाला?"

"हो."

"मला तर त्यांनी वेगळंच सांगितलेलं. म्हणाले, पोरीच्या नावावरून चारचौघांत भलतंच बोलून गेलो, विलासरावाची मान खाली गेली. आता कुठल्या तोंडानं वर जाऊ? मी कितीदा म्हटलं, जा, माफी मागा नि मोकळे व्हा. तर म्हणायचे, विषय काढला तर त्याला पुन्हा लागेल."

इक्बाल, ऐकतोयस ना? आठ महिने तू दोन मजले खाली बसून स्वतःला दोष देत होतास. आणि मी वर बसून वाट बघत होतो, की हा आता कधी मला सुनावतो.

"तुम्ही कसली पायरी म्हणालात, ते काय आम्हाला त्यांनी सांगितलं नाही," भाभी म्हणाल्या. "तुमचं वाईट त्यांनी कधी या घरात आणलं नाही." मग म्हणाल्या, "पण भाऊ, तो शब्द तरी काय होता एवढा? दर फोनला एक शब्द सांगायचे, मी झोपले तरी सांगत राहायचे. तो एक मात्र कधी सांगितला नाही. विचारलं तर म्हणायचे, तो नको."

तू, जो भिंतीलाही शब्द सांगायचास, तू तो एक गिळून टाकलास.

मी सांगितला. फोन स्पीकरवर ठेवा म्हणालो. अझर येऊन बसला. मी पहिल्यापासून सुरुवात केली: वेलदोड्याचा चहा, सता, हातोडी, मग शुक्रवारचं ते झाकण आणि चार अक्षरं. ट्रॉलीही सांगितली, काही लपवलं नाही. मग ते सांगितलं जे मी तुझ्यापासून लपून, त्या आठ महिन्यांत वाचत होतो, तुला हरवायला म्हणून. फिनलंडच्याही वर, बर्फाच्या मुलखात सामी लोक राहतात. त्यांच्या भाषेतही एक शब्द आहे, साधारण 'ओआर्यी' असा, आणि तो ओर्याचाच भाऊ असावा असं जाणकार म्हणतात. पण त्याचा अर्थ गुलाम नाही. त्याचा अर्थ दिशा. काही ठिकाणी दक्षिण, काही ठिकाणी पश्चिम. म्हणजे एकाच नावावरून एका गावानं माणसाला गुलाम केलं आणि दुसऱ्या गावानं, तो जिकडून आला, ती बाजू लक्षात ठेवली.

हे वाचलं त्या दिवशी मी जिना उतरून दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो होतो. तुझ्या दाराशी चपला दिसल्या, आतून हसण्याचा आवाज आला, आणि मी परत वर गेलो.

"मग खरं काय?" अझरनं विचारलं. "गुलाम की दिशा?"

"दोन्ही असेल. अभ्यासकांचंही अजून एकमत नाही. भांडतायत."

"म्हणजे तुमच्यासारखेच," भाभी म्हणाल्या आणि हसल्या. रडता रडता हसल्या.

अझर काही सोडेना. तुझाच मुलगा. "पण काका, त्या दिवशी बरोबर कोण होतं? अब्बा की तुम्ही?"

माधुरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"तुझे अब्बा," मी म्हणालो. "बरोबर तोच होता."

पलीकडे कुणी दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी विचारलं. भाभी फोनजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, सून आत्ता आली बाहेरून. तिनं ऐकलंच नाही. पुन्हा एकदा सांगता? पहिल्यापासून?"

मी खुर्ची ओढून नीट बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.